खडकाखालचे गाव, टेकडीवरचे गाव

अबेओकुटा या शब्दाचा अर्थ ‘खडकाखाली’ असा होतो, हे त्या शहरात जाण्यापूर्वी मला ठाऊक होते. पण ते नाव इतके शब्दशः खरे असेल, असे वाटले नव्हते. कामानिमित्त मी काही काळ नायजेरियातल्या लागोसमध्ये होतो आणि एका सुट्टीच्या दिवशी उत्तरेकडच्या या योरुबा लोकांच्या शहरात ओलुमो नावाचा प्रसिद्ध खडक पाहायला गेलो. वाकून, जवळजवळ रांगतच, मी त्याच्या पोटातल्या कपारीत शिरलो. वरचे छत म्हणजे एकसंध ग्रॅनाइट होते आणि पायाखालच्या कातळात वाटीएवढे, गुळगुळीत झिजलेले खळगे होते. बरोबरच्या वाटाड्याने एका खळग्यात मूठ फिरवून दाखवली आणि सांगितले, की लपून राहिलेल्या बायका इथे मिरची आणि धान्य वाटत असत. मीही हात घालून पाहिला, तर कड अजिबात टोचत नव्हती. चार-दोन दिवसांच्या आडोशाला आलेल्या माणसांनी दगड इतका झिजत नाही, एवढे त्या स्पर्शावरून कळत होते.

कपारीत दडलेली ती माणसे एग्बा या योरुबा शाखेची होती. योरुबा प्रदेशाच्या उत्तरेकडील माळरानावर ओयो नावाचे साम्राज्य होते आणि त्याचे बळ घोडदळात होते. दक्षिणेच्या दाट जंगलातील त्सेत्से माशी घोड्यांना जगू देत नसे, म्हणून हे घोडदळ जंगलाच्या काठाशी येऊन थबके. माळावर मात्र त्याला तोड नव्हती. ओयोचा राजा, म्हणजे अलाफिन, कागदोपत्री सर्वसत्ताधीश असला तरी त्याच्यावर ‘ओयो मेसी’ या सरदारमंडळाचा अंकुश होता. मंडळाने राजाला नाकारले, की राजाने स्वतःचा जीव द्यायचा, असा संकेत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंतर्गत भांडणे आणि उत्तरेकडील फुलानी सत्तेचा दाब यांनी हे राज्य आतून पोखरले आणि 1830 च्या दशकात त्याची जुनी राजधानी ओस पडली. माणसांचे लोंढे दक्षिणेकडे सरकले, गावे जळाली, पकडलेली माणसे गुलाम म्हणून किनाऱ्याकडे गेली. या धुमश्चक्रीत एग्बा लोक 1830 च्या सुमारास सोदेके नावाच्या पुढाऱ्याच्या मागोमाग ओगुन नदीच्या काठी आले आणि ओलुमोच्या आश्रयाने वसले. पुढे 1851 आणि 1864 मध्ये पश्चिमेकडील दाहोमे राज्याच्या सैन्याने या शहरावर हल्ले केले, आणि दोन्ही वेळा ते परतवले गेले. त्यामुळे ओलुमो हा येथील लोकांच्या लेखी निव्वळ प्रेक्षणीय स्थळ नाही. त्याची पूजा होते. कपारीजवळच्या देवळीच्या दारावर कोंबडीची पिसे चिकटलेली मी पाहिली.

याच शहराशी निगडित एक प्रसंग मला राहून राहून आठवतो. सॅम्युएल अजाई क्राऊदर हा योरुबा मुलगा 1821 मध्ये पकडला जाऊन गुलाम म्हणून विकला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने ते गुलामांचे जहाज अडवले आणि त्याला सिएरा लिओनमधील फ्रीटाऊनला उतरवले. तिथे तो शिकला, धर्मोपदेशक झाला आणि 1843 मध्ये त्याने योरुबा भाषेचा शब्दसंग्रह छापला. 1846 मध्ये तो मिशनच्या कामासाठी अबेओकुटाला आला आणि तिथे, तब्बल पंचवीस वर्षांनंतर, त्याला त्याची आई भेटली. ज्या उलथापालथीने मुलाला समुद्रापलीकडे नेले, तिनेच आईला या खडकाच्या सावलीत आणून सोडले होते.

क्राऊदरचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. ‘योरुबा’ हा शब्द पूर्वी उत्तरेकडील हाउसा लोक मुख्यतः ओयोच्या प्रजेसाठी वापरत. एग्बा, इजेबू, एकिती, इजेशा, इफे हे सगळे एकाच नावाखाली आले, ते मिशनऱ्यांच्या छापखान्यांमुळे आणि क्राऊदरसारख्यांच्या शब्दकोशांमुळे. त्याआधी माणूस स्वतःची ओळख सांगे ती गावाने, टेकडीने, नदीने. ‘नायजेरियातील तीन मोठ्या जमाती’ असे शीर्षक देऊन नकाशावर तीन रंग फासणारी पुस्तके मी बरीच वाचली आहेत. त्या रंगांवर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. गावांच्या नावांवर मात्र आहे. इबादान म्हणजे ‘माळरानाच्या काठाशी’, आणि ते शहर खरोखरच जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो त्या पट्ट्यात आहे. अबेओकुटा खडकाखाली आहे. पूर्वेकडील इग्बो लोकांच्या प्रदेशातील एनुगू म्हणजे ‘टेकडीच्या माथ्यावर’. ही नावे ज्यांनी दिली, त्यांनी आधी पायाखालची जमीन पाहिली होती.

ती जमीन दोन्हीकडे सारखी नाही, हे मला उशिरा कळले. योरुबा प्रदेशाचा बराचसा भाग अतिप्राचीन, कठीण ग्रॅनाइटी पायावर उभा आहे. वरची माती लाखो वर्षांत वाहून गेली आणि न झिजणारे खडक उघडे बोडके घुमट होऊन वर राहिले. ओलुमो त्यांपैकीच एक. ओंडो राज्यातील इदान्रेचे डोंगर तर याहून कितीतरी भव्य आहेत. साडेसहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर घुमटांच्या मधल्या खोलगट जागेत एक आख्खे जुने गाव लागते: राजवाड्याचे अंगण, न्यायालय, शाळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक खाली सपाटीवर उतरले आणि वरचे गाव रिकामे झाले. वर पोहोचेपर्यंत माझी छाती भरून आली होती, आणि त्या दमछाकीतच उत्तर होते: एवढे चढून कोणते घोडदळ आले असते? एरिन-इजेशाचा टप्प्याटप्प्याने कोसळणारा धबधबा आणि इकोगोसी येथे ऊन आणि गार पाण्याचे दोन झरे एकत्र येऊन शेजारी शेजारी वाहतात ती जागा, ही दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत. पण सहलीला जाणाऱ्यांनी त्यांच्यावर भरपूर लिहिले आहे, म्हणून मी पुढे जातो.

इले-इफे हे योरुबा लोकांचे मूळस्थान. त्यांच्या कथेप्रमाणे आरंभी खाली सगळे पाणीच होते. ओबाताला या देवाला जमीन निर्माण करायला पाठवले होते. पण वाटेत तो ताडी पिऊन झोपला, आणि ओदुदुवाने साखळीवरून उतरून गोगलगाईच्या शंखातील वाळू पाण्यावर ओतली. पाच नख्यांच्या कोंबड्याने ती उकरून चहूकडे पसरवली आणि जिथवर वाळू उडाली तिथवर पृथ्वी झाली. इफेच्या मातीतून विसाव्या शतकात जे बाहेर आले, तेही कथेपेक्षा कमी नवलाचे नाही. 1938 मध्ये एका वाड्याच्या आवारात घराचा पाया खणताना तांब्याच्या मिश्रधातूंचे मानवी चेहरे सापडले. बाराव्या ते पंधराव्या शतकाच्या सुमाराचे हे चेहरे इतके जिवंत आहेत, की ते आफ्रिकी हातांनी घडवले असतील यावर युरोपातील काही पंडितांचा विश्वासच बसेना. याच शहरातील इग्बो-ओलोकुन या देवराईत काच बनवण्याच्या मुशी आणि मण्यांचे ढीग मिळाले. इथे एका घोटाळ्याचा खुलासा केलेला बरा, कारण मीही त्यात फसलो होतो: योरुबा भाषेत ‘इग्बो’ म्हणजे जंगल, देवराई. इग्बो-ओलोकुन म्हणजे समुद्रदेव ओलोकुनची राई. पूर्वेकडील इग्बो लोकांशी त्या नावाचा काही संबंध नाही.

जिथे खडक नव्हता, तिथे लोकांनी स्वतःच जमीन उभी केली. इजेबू-ओडे शहराभोवती घनदाट रानात सुंग्बोचा एरेडो नावाचा खंदक आणि त्याच्या आतल्या बाजूचा मातीचा बांध आहे. त्याचा वेढा सुमारे 160 किलोमीटरचा असून काही ठिकाणी खंदकाच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंतची उंची वीस मीटरच्या आसपास भरते. लाल जांभ्यात उभ्या कापलेल्या त्या भिंतींवर शेवाळ चढले आहे आणि तळाशी उभे राहिले, की वरच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतून भर दुपारी संध्याकाळ वाटते. स्थानिक आख्यायिकेनुसार बिलिकिसू सुंग्बो नावाच्या श्रीमंत, निपुत्रिक विधवेने आपली आठवण राहावी म्हणून हे काम करवून घेतले. काही जण तिला थेट शेबाची राणी मानतात आणि ओके-एरी येथील तिच्या समाधीला यात्रेकरू जातात. शेबाच्या राणीची गोष्ट काळाच्या हिशेबात बसत नाही. पण राज्याच्या सीमेवर एवढी माती उपसण्याची आज्ञा कोण्या बाईने दिली, हे लोकांना सहज पटते, ही गोष्ट मला राणीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

त्याच्या पूर्वेला एडो लोकांचे बेनिन हे शहर. तेथील बांधही असेच प्रचंड. शहराच्या मुख्य तटबंदीत खंदकाच्या तळापासून माथ्यापर्यंतची उंची सतरा मीटरहून अधिक मोजली गेली आहे. फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने हे शहर घेतले, राजवाडा लुटला, ओबा ओव्होनराम्वेन याला कालाबारला हद्दपार केले आणि पितळी फलक, मूर्ती व हस्तिदंत जहाजांत भरून नेले. त्यांतील काही वस्तू अलीकडे परत येऊ लागल्या आहेत. खंदक मात्र कुणाला नेता आले नाहीत; त्यांतले काही घरांच्या बांधकामाखाली बुजले, काहींत कचरा पडतो.

बेनिनहून पूर्वेला गेले, की असाबा लागते आणि असाबाच्या पुढे नायजर नदी. पलीकडच्या काठावर ओनित्शा. या दोन शहरांना जोडणारा पूल 1965 मध्ये झाला आणि दोनच वर्षांनी, यादवी युद्धात, माघार घेणाऱ्या बियाफ्राच्या, म्हणजे फुटून निघालेल्या पूर्व भागाच्या, सैन्याने त्याचे गाळे उडवून दिले. तो पुन्हा उभारला गेला आणि मी त्यावरूनच गेलो. नायजर ओलांडली की इग्बो प्रदेश सुरू होतो असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि तीही तितकीशी बरोबर नाही. असाबाचे लोक इग्बोच बोलतात. बदलते ती जमीन. ग्रॅनाइटचे घुमट मागे राहतात आणि वालुकाश्म, शेल हा पापुद्र्यांचा खडक आणि लाल भुसभुशीत माती सुरू होते. हा खडक पाण्याने सहज कापला जातो. म्हणून या बाजूला डोंगरावरच्या किल्ल्यांऐवजी गुहा आहेत, झरे आहेत आणि घळी आहेत. आगुलू आणि नांका या गावांच्या परिसरात पावसाने पाडलेल्या घळी घरे आणि शेते गिळत गेल्या आहेत. परमदेव सोडला तर इग्बो लोकांची सर्वांत मोठी देवता ‘आला’, म्हणजे भूमी, आहे. आणि घोर अपराधाला ‘भूमीला विटाळ’ असे म्हणतात. ज्या ठिकाणी जमीन एका पावसाळ्यात अंगण घेऊन जाते, तिथे तिला जपून वागवणे ओघानेच आले, असे मला त्या घळीच्या काठावर उभे राहून वाटले. भूगोलातून धर्म काढण्याचा हा मोह आहे, हेही मला कळते.

इग्बोंच्या न्री या घराण्याची उत्पत्तिकथा इफेच्या कथेशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. आकाशातून एरी उतरला, तेव्हा खाली सगळी दलदल होती आणि त्याला वारुळावर बसून राहावे लागले. त्याने चुक्वू या परमदेवाकडे गाऱ्हाणे केले. चुक्वूने कोंबडा पाठवला नाही. त्याने आवका गावचा लोहार पाठवला, आणि लोहाराने भाता फुंकून जमीन वाळवली. आवका हे आजही लोहारांसाठी ओळखले जाणारे शहर आहे, कथेतील पात्र नव्हे.

न्रीचा राजा, एझे न्री, याच्यापाशी सैन्य नव्हते. भूमीचा विटाळ काढण्याचा, पदव्या देण्याचा आणि तंटे शमवण्याचा अधिकार हीच त्याची सत्ता. त्याचे प्रतिनिधी कपाळावर ‘इची’ नावाचे व्रण मिरवत निःशस्त्र गावोगाव फिरत. या सत्तेची संपत्ती किती असेल, याचा अंदाज जवळच्या इग्बो-उक्वू गावात आला. 1938 मध्ये तेथील एक गृहस्थ पाणी साठवण्यासाठी आवारात टाके खणत होते आणि फावड्याला धातू लागला. शेजाऱ्यांनी त्यातल्या काही वस्तू औषधी म्हणून मागून नेल्या. पुढे थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञाने 1959-60 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये तिथे उत्खनन केले. एका खड्ड्यात आसनावर बसवून पुरलेला, मुकुट ल्यालेला माणूस होता, सोबत हस्तिदंत आणि बिबट्याची कवटी. एकूण 1,65,000 हून अधिक मणी निघाले. आणि कांस्यपात्रे! त्यांपैकी एक म्हणजे दोरखंडाच्या जाळीत ठेवलेले मडके. मडके, जाळी आणि जाळीच्या गाठी, सगळे कांस्याचे. शंखाच्या आकाराच्या पात्रांवर माश्या आणि नाकतोडे बसलेले, तेही ओतीव, नखाएवढे. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकात, म्हणजे इफेचे चेहरे घडण्याच्याही आधी, मेण वितळवून ओतकाम करणारे हे कारागीर कुठून शिकले, असा प्रश्न सुरुवातीला प्रत्येकाने बाहेरच्या दिशेने विचारला. इतरत्र सर्रास वापरल्या जाणाऱ्या तार ओढणे किंवा डाग देणे अशा युक्त्या त्यांच्या कामात नाहीत, आणि तपासणीत धातूचा मूळ माग पूर्वेकडच्या, फार दूर नसलेल्या खाणींकडे जातो. म्हणजे हे कसब इथलेच, असे मानण्याला भक्कम आधार आहे. माझी नजर मात्र त्या माश्यांवरून हटत नाही. राजाच्या भांड्यावर माशी बसवावी असे ज्या कारागिराला सुचले, त्याच्याशी बोलायला मिळायला हवे होते.

ओनित्शाजवळच्या ओग्बुनिकेच्या गुहांत जाताना चप्पल-बूट काढावे लागतात. तीनशेहून अधिक पायऱ्या उतरून रानाच्या तळाशी गेले की गुहेचे तोंड दिसते. आत शिरले की अंधार, वटवाघळांचा वास आणि घोट्याशी वाहणारे पाणी. अनवाणी पायांना वाळू, मग चिकणमाती, मग पुन्हा वाळू लागते. डोळ्यांनी न दिसलेला सगळा खडक तळव्यांनी वाचावा लागतो. ओलुमोत मी डोक्यावरच्या दगडाला हात लावला होता, इथे पायाखालच्या.

वर गावात एका वृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर बसलो, तेव्हा त्यांनी कोलाचे बी आणवले. पाहुण्याला ‘ओजी’ दिल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून प्रार्थना म्हटली. मला कळावी म्हणून ती इंग्रजीत सांगावी, असे त्यांच्या मुलाने सुचवले, तेव्हा म्हातारबाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “ओजीला इंग्रजी कळत नाही.” हे वाक्य इग्बोंमध्ये सर्वतोमुखी आहे, हे मला नंतर समजले, त्या क्षणी मला ते त्यांचे स्वतःचेच वाटले. बी फोडल्यावर त्याच्या चार पाकळ्या निघाल्या आणि सगळ्यांना आनंद झाला, कारण एके, ओरिये, आफो आणि न्क्वो असा इग्बोंचा बाजाराचा आठवडा चार दिवसांचा असतो. योरुबांचाही जुना आठवडा चारच दिवसांचा आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “मग बाजार कसा भरणार दुसरा?”

एनुगूची गोष्ट जमिनीच्या आणखी आतली आहे. तिथे टेकड्यांच्या कड्यात 1909 मध्ये कोळसा सापडला, 1915 पासून खाणी सुरू झाल्या आणि कोळसा नेण्यासाठी पोर्ट हार्कोर्टपर्यंत रेल्वे झाली. 18 नोव्हेंबर 1949 रोजी इव्हा खोऱ्यातील खाणीवर पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला आणि 21 खाणकामगार मारले गेले. त्याच्या वीस वर्षे आधी, 1929 मध्ये, याच पूर्व भागात हजारो स्त्रिया कर लादला जाण्याच्या शंकेने आणि सरकारने नेमलेल्या ‘वॉरंट’ मुखियांच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. ‘इग्बोंना राजा नसतो’ ही त्यांची जुनी म्हण. जिथे ग्रामसभा, वयोगटांची मंडळे आणि सासरी गेलेल्या लेकींची संघटना कारभार पाहत, तिथे इंग्रजांनी हुकमी मुखिये बसवले, आणि भांडण तिथेच पेरले गेले.

परतीच्या प्रवासात मी लोकोजाला थांबलो. इथे बेन्वे नदी नायजरला मिळते आणि शेजारच्या पट्टी डोंगरावरून तो संगम पूर्ण दिसतो. दक्षिणेला इगालांचे इडाह, वरच्या अंगाला नुपेंचा प्रदेश, आणि खाली, कित्येक फाट्यांत विखुरलेली नदी समुद्राला मिळते तिथे इजॉंची खारफुटी. ही नदी समुद्राला नेमकी कुठे मिळते, हे युरोपला 1830 पर्यंत कळले नव्हते. नदीचा माग काढणारा स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क 1806 मध्ये वरच्या अंगाला, बुसाच्या खळाळात बुडाला. चोवीस वर्षांनी लँडर बंधू हे इंग्रज प्रवासी बुसाहून निघाले, वाटेत पकडले गेले, आबोहच्या इग्बो राजापुढे उभे केले गेले आणि अखेर किनाऱ्याजवळच्या ब्रास गावच्या व्यापाऱ्याच्या होडीतून समुद्रावर पोहोचले. काठावरच्या लोकांना ती वाट अर्थातच माहीत होती. ते तिच्यावरूनच व्यापार करत होते. बुसाचे ते खळाळ आज दिसत नाहीत. 1968 मध्ये पुऱ्या झालेल्या काइन्जी धरणाच्या जलाशयाखाली ते गेले.

‘नायजेरिया’ हे नाव फ्लोरा शॉ या इंग्रज पत्रकार बाईने 8 जानेवारी 1897 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सुचवले, बेनिन पडले त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. योरुबा या नदीला ओया देवीची नदी म्हणतात, इग्बो ‘ओरिमिली’ म्हणजे मोठे पाणी म्हणतात, हाउसा ‘क्वारा’ म्हणतात. डोंगरावर माझ्याबरोबर आलेला टॅक्सीचालक नुपे होता. खाली बोट दाखवून मी त्याला नदीचे नाव विचारले. तो म्हणाला, “एडू.” मग त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि, मला समजावे म्हणून, पुढे जोडले, “नायजर, सर.”